बंदूक तात्यांची, खांदा हनीफभाईंचा

तात्यांना नेम धरता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बंदूकवाला म्हातारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. पिळदार मिशा, करारी नजर वगैरे. तात्यांना मिशी होती, पण तंबाखूनं पिवळी पडलेली आणि एका बाजूला जरा कमी. नजरेचं म्हणाल तर एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि दुसऱ्या डोळ्याला लागणारा चष्मा कायम मचाणावर विसरलेला. लवळ्याच्या डोंगरातल्या रानडुकरांना हे सगळं ठाऊक असावं. तात्यांनी बार काढला की डुकरं पळायची नाहीत, थोडी लांब जाऊन उभी राहायची, असं हनीफभाई सांगायचे. "आदबीनं उभी ऱ्हातात. म्हाताऱ्या मानसाचा मान ठेवाया नगं व्हय?"

हनीफभाई म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या मोठ्या गेटवरचे सुरक्षारक्षक. पौडचे. विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही, त्यांचे वकील चांगले आहेत.

हा सगळा उतार एकेकाळी गावाचा होता. जमिनी गेल्या. कुणी आनंदानं विकल्या, कुणी शेजाऱ्यानं विकली म्हणून विकल्या. तात्यांच्या भावकीनंही विकल्या. तात्यांचा वरच्या अंगाचा एक तुकडा तेवढा राहिला. त्यात भुईमूग, बांधाकडेला थोडी नाचणी. तीन बाजूंनी विद्यापीठाची भिंत आणि चौथ्या बाजूला डोंगर. गावातून त्या तुकड्याकडे जाणारी जुनी पायवाट होती, तिच्यावर आता आमची लायब्ररी, कँटीन आणि मुलींचं हॉस्टेल उभं आहे. तात्यांना शेतावर जायचं तर या सगळ्यामधून जावं लागायचं. आणि डुकरं संध्याकाळी उतरतात, म्हणून जायचं ते बंदूक घेऊनच. शेतीच्या राखणीसाठी म्हणून त्यांच्या वडिलांना परवाना मिळाला होता, तो पुढं तात्यांच्या नावावर झाला. बंदूक तीच, वडिलांची. एकनळी. तात्या तिला बंदूक म्हणायचेच नाहीत, 'म्हातारा' म्हणायचे.

आता गेटवर तर भला मोठा बोर्ड: 'शस्त्र बाळगणाऱ्या व्यक्तीस प्रवेश नाही.' वहिवाटीचा रस्ता अडवता येत नाही, आणि नियमही मोडता येत नाही. यावर मी तिथं शिकायला जायच्या आधीच कुणीतरी डोकेबाज माणसानं तोड काढून ठेवली होती. तात्यांनी गेटवर बंदूक रक्षकाच्या हातात द्यायची. काडतुसं तात्यांच्या खिशात. रक्षकानं बंदूक खांद्यावर टाकून तात्यांच्या शेजारून चालायचं, वरच्या भिंतीत एक खिंडार होतं तिथपर्यंत. तिथं बंदूक परत. सकाळी उतरताना हेच उलटं. म्हणजे बंदूक बाळगणारा आत आला नाही, आणि आत आला त्यानं बंदूक बाळगली नाही. परवाना एकाच्या नावावर आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर, हे कायद्यात कुठं बसतं असं मी एकदा सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं होतं. ते निवृत्त फौजी. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पत्रकं वाटा."

मी पत्रकं वाटायचे हे खरं. आमच्या विद्यार्थी संघटनेला आत टेबल लावायला बंदी होती, म्हणून गेटच्या बाहेर, रिक्षा थांबतात तिथं, टेबल मांडून मी रोज संध्याकाळी उभी असायचे. फीवाढ, मेसचं पाणी, हॉस्टेलच्या वेळा. तात्यांना पहिल्यांदा पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उलटं करून पाहिलं, आणि नीट घडी घालून टोपीत ठेवलं.

"वाचता येत न्हाई म्हनून न्हाई," ते म्हणाले. "चष्मा वर हाय. काय लिवलंय?"

"मेसच्या पाण्यात अळ्या सापडल्या."

"मंग उकळा की."

एवढा मोठा लढा त्यांनी तीन शब्दांत निकाली काढला आणि गेटकडे वळले. सोलापुरी चादरीत गुंडाळलेली ती लांबोळकी वळकटी त्यांनी हनीफभाईंपुढे धरली. बाळ हातात द्यावं तशी, दोन्ही हातांवर.

"म्हाताऱ्याला हळू धर."

"रोज धरतो तात्या. कदी पाडलाय का?"

"गेल्या दिवाळीत आपटलास पायरीला."

"तो खांब होता. आनि आपटलो मी."

आणि निघाले. हनीफभाई, खांद्यावर वळकटी, अंगात निळा गणवेश. शेजारून तात्या, हात मागे बांधून, मोकळे, एखाद्या जागेची पाहणी करायला आलेल्या साहेबासारखे.

मग मीही अधूनमधून त्यांच्यामागून चालायला लागले. हॉस्टेल त्याच वाटेवर होतं. तात्या गावात अगदीच कमी बोलणारे म्हणून ओळखले जायचे, हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा खरं वाटलं नाही. या वाटेवर त्यांचं तोंड क्षणभर बंद नसायचं. कँटीनपाशी आले की नाक वर.

"राजमा हाय आज."

"छोले हायेत, तात्या."

"एकच की. घेवड्याला परक्या गावचं नाव दिलं की पोरं गप खातात. घरी आईनं घेवडा केला तर ताट सरकवतील."

लायब्ररीपाशी ते हटकून थांबायचे. काचेतून आत पाहायचे. "हितं आमचा आंबा होता," असं सांगायचे, आणि बोट रोज वेगळ्या खिडकीकडे करायचे. हनीफभाई म्हणायचे, "काल तितं होता, आज हितं आला. आंबा हाय का बकरी?"

समोरून येणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला तात्यांचा प्रश्न ठरलेला: कुठल्या गावचा? आणि दुसरा प्रश्नही ठरलेला: तिथं डुकरं हायेत का? भारत देशाचा नकाशा तात्यांच्या डोक्यात डुकरांवरून तयार झाला होता. दिल्लीला न्हाईत. लखनौला गटारात हायेत, रानात न्हाईत. एक केरळची मुलगी म्हणाली की आमच्याकडे डुकरंही आहेत आणि वर हत्तीसुद्धा शेतात येतात. तात्या जागच्या जागी थांबले. पुढं किती तरी दिवस ती दिसली की हनीफभाईंना थांबवून ते विचारायला लावायचे, "इचार तिला, हत्ती आला का पुन्हा?" हनीफभाई बंदूक सावरत हिंदीत विचारायचे. ती घरी फोन करून खरंच चौकशी करून यायची. "वडील म्हणाले, या आठवड्यात नाही आला." तात्या समाधानानं मान डोलवायचे. केरळातल्या कुण्या अनोळखी शेतकऱ्याची केळी वाचली याचं त्यांना मनापासून बरं वाटायचं.

तात्यांची दोन मुलं मारुंजीला. जमिनीचे पैसे आले त्यात त्यांनी तिथं इमारत बांधली. खालती दुकान, वर आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तिकडंच राहायच्या. पाण्याची मोटर चालू करणं, भाडेकरूंशी भांडणं आणि नातवंडं, एवढं सगळं त्यांच्याकडे. नवराबायकोत भांडण नव्हतं. काकूंना तिथं करमायचं आणि तात्यांना करमायचं नाही, इतकंच. दिवाळीला म्हणून ते गेले की दोन दिवसांत परत. मी एकदा विचारलं, काय झालं?

"तितं कुनी आडवत न्हाई गं," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे जिना चढा, उतरा, भाईर जा, आत या. कुनी इचारत न्हाई, कुटं चालला म्हनून. मी मेलो तरी पोरं वरनं उडी मारून कामाला जातील."

हनीफभाई हसले. "हितं मी आडवतो म्हनून येता व्हय?"

"तू काय आडवतोस? तुझ्या बानं तरी आडवलं असतं का मला?"

तेव्हा मी त्यांच्यामागून चालत हसले होते. गावातलं त्यांचं घर बंद घरांच्या ओळीत होतं. दोन्हीकडचे शेजारी घरांना कुलूप लावून पुण्यात गेलेले. रात्र मचाणावर, दुपार एकट्यानं स्वयंपाक करण्यात. दिवसभरात तात्यांचं माणसाशी जे काही बोलणं व्हायचं ते या वाटेवर, सकाळी उतरताना आणि संध्याकाळी चढताना. ते टिकावं एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. मला ते दिसत होतं. पण माझ्या डोक्यात मागण्यांचे रकाने ठरलेले होते आणि ही मागणी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

तात्यांच्या बाराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या इथं नवीन सुरक्षा ॲप आलं होतं. बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर भोंगा. त्याच आठवड्यात तात्यांनी दिवे लागायच्या सुमारास वर बार काढला. हॉस्टेलमध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलीनं बटण दाबलं. भोंगे. 'कॅम्पसमध्ये गोळीबार, खोल्यांमधून बाहेर पडू नका.' आम्ही पलंगाखाली. सुरक्षा अधिकारी लाउडस्पीकर घेऊन मैदानात एकटेच. शेवटी त्यांनी हनीफभाईंना वर पाठवलं. हनीफभाईंनी पुढची हकिकत आम्हाला कितीतरी वेळा करून दाखवली आहे.

तात्या मचाणावरून ओरडले, "भोंगं कशाचं रं? कुनी मेलं का?"

"तेच इचाराया पाठवलंय मला."

"न्हाई बा. डुक्कर बी न्हाई मेलं."

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. तात्यांनाही पौडला जाऊन म्हातारा जमा करावा लागायचा. मी याविरुद्धही लिहिलं होतं. शेतकऱ्याची जुनी एकनळी जमा, आणि पुढाऱ्यामागं फिरणाऱ्या गाड्यांमधलं काय? ते असो. मुद्दा असा की बंदूक नसेल तर तात्यांना कॅम्पसमधून जायला कुणाचीच बंदी नव्हती. नाव सांगा, पास घ्या, एकटे चालत जा. बंदूक जमा केल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या गेटवर आले ते चादरीची वळकटी घेऊनच. मी जवळच होते. चादरीच्या टोकातून बांबू दिसत होता.

हनीफभाईंनी पाहिलं. बोर्डाकडे पाहिलं. मग तात्यांकडे.

"हे काय म्हनायचं?"

"म्हाताऱ्याचा चुलता," तात्या म्हणाले. "म्हातारा येईस्तवर हाय."

"परवाना?"

"घरी हाय."

हनीफभाईंनी दोन्ही हात पुढे केले, वळकटी घेतली, खांद्यावर टाकली. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "चला. पन चुलत्याला सवय न्हाई, हळू चाला." निकाल लागून बंदुका परत मिळेपर्यंत तो बांबू रोज असाच मिरवत गेला, आणि गेटवरच्या एकाही माणसानं त्याबद्दल वर तक्रार केली नाही. आमच्या विद्यापीठाबद्दल मी जे जे वाईट लिहिलं आहे त्यात हे एक चांगलं लिहायचं राहून गेलं होतं.

मग ती लूट झाली.

आमच्या गेटपासून खाली गावाकडे उतरणारा रस्ता. वळणावर दिवा नाही. दिवा लावा म्हणून आम्ही ओरडून दमलो होतो. दिवेलागणीच्या वेळेला दोन मुलं स्कूटरवरून वर येत होती. तिघांनी मोटारसायकल आडवी घातली. हातात कोयता. फोन गेले, लॅपटॉपची बॅग गेली. एका मुलानं बॅग सोडायला उशीर केला. त्याच्या तळहातावर वार बसला. आर्किटेक्चरचा मुलगा, उजवा हात. मी दवाखान्यात त्याच्या शेजारी बसले होते. त्यामुळे या विषयावर मला कुणी शहाणपणा शिकवू नये.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं काय केलं? मुलींच्या हॉस्टेलचं दार दिवस मावळायच्या आत बंद करायला सुरुवात केली. लुटली गेली मुलं, कोंडल्या गेलो आम्ही. रस्त्यावर दिवा अजून नाही.

मग सभा. पालक चिडलेले, ते बरोबरच होतं. पण एक जण उठून म्हणाला की परवाना असेल तर विद्यार्थ्यांना स्वतःच्या रक्षणासाठी हत्यार बाळगू द्या. टाळ्या पडल्या! टाळ्या वाजवणाऱ्यांत एक असा होता की त्याच्या काळ्या गाडीत बापाचं पिस्तूल असतं, हे अख्ख्या कँटीनला माहीत होतं. त्याच्या काचा कधी खाली होत नव्हत्या आणि गेटचा दांडा त्याच्यासाठी आधीच वर व्हायचा. झडती कुणाची? चादरीवाल्या तात्यांची.

त्या दिवसांत तात्यांचा भाव एकदम वाढला. जी पोरं आधी त्यांना चुकवून जायची ती गेटवर थांबायला लागली. "तात्या, तुम्ही असता तर?" तात्या फुलले. त्यांनी छाती काढून सांगितलं की आपण तिघांनाही जागच्या जागी आडवं केलं असतं. हनीफभाई खोकले.

एक पोरगा पुढे सरसावला. "तात्या, आम्ही गस्त घालतोय खालच्या रस्त्याला. बंदूक भाड्यानं द्या ना. नुसती दाखवायला."

तात्या हसायचे थांबले. त्यांनी हनीफभाईंच्या खांद्यावरची वळकटी काढून रस्त्यावर ठेवली आणि त्या पोराला म्हणाले, "समज, मी कोयतेवाला. काढ म्हाताऱ्याला."

पोरगा वाकला. चादरीला तीन ठिकाणी सुतळी. पहिली गाठ सुटेना. दुसरी त्यानं दातांनी ओढली. तात्या शेजारी उभे राहून, कोयता धरल्यासारखा हात करून वाट पाहत होते. मग त्यांनी खिशातून तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकली. बाकीची पोरं हसायला लागली. पोरगा लाल.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तुझा फोन गेला, मानगूट बी गेली. आनि वर माझा म्हातारा त्याच्या हातात. म्हंजे उद्या तो कोयता टाकून बंदूक घिऊन उभा." मग गाठी परत मारत, जरा रागानंच, "भाड्यानं म्हनं! माझी पोरं खोल्या देत्यात भाड्यानं, तेवढं बास हाय घरात."

विद्यापीठानं त्यावर आणखी एक पायरी गाठली. दोन गनमन आणले, दुसऱ्या एजन्सीचे. मोठ्या गेटच्या दोन्ही बाजूंना, दुनळी बंदुका घेऊन. आणि त्याच परिपत्रकात: बाहेरच्या कोणाचंही शस्त्र, कोणाच्याही हातात, आत येणार नाही. तोड संपली. हनीफभाईंना आतल्या पार्किंगवर टाकलं.

भुईमूग काढायला आला होता. तात्या रोज संध्याकाळी वळकटी घेऊनच येत होते, गनमन त्यांना अडवत होता. एक दिवस दोघं समोरासमोर उभे. गेटच्या आत याची दुनळी, गेटच्या बाहेर त्यांची एकनळी. तात्यांनी चौकशी सुरू केली. कुठल्या गावचा? बिहारचा. डुकरं हायेत का? हैं, चाचा, बहुत हैं. तात्यांना जरा बरं वाटलं.

"कदी बार काढलास का हिचा?"

"नहीं चाचा." मग इकडंतिकडं बघून, हळू आवाजात, "कारतूस नहीं दिया कंपनी ने."

तात्या माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मग म्हणाले, "त्याच्यापाशी काडतूस न्हाई, आनि मला चष्मा न्हाई. सांग आता, तुमची राखन कोन करनार?"

दोघं तिथंच बसायचो, अंधारून येईपर्यंत. ते आत पाहत राहायचे. मुलं कँटीनकडे जाताना दिसायची, केरळची मुलगी लांबून हात करायची. वर डुकरांनी अर्धा भुईमूग उकरून टाकला. तात्या त्याबद्दल एवढंच म्हणाले की खाऊ दे. मग मी पत्रक काढलं. 'वहिवाट अडवणारे तुम्ही कोण?' काळ्या गाडीबद्दल लिहिलं, बिनकाडतुसाच्या बंदुकांबद्दल लिहिलं, तात्यांच्या पायवाटेबद्दल लिहिलं. ते पत्रक फोनवरून पुण्यापर्यंत फिरलं. वर्तमानपत्रवाला येऊन गेला. विद्यापीठानं आम्हाला बोलावलं. तात्या, मी आणि संघटनेचे दोघं.

काचेच्या टेबलावर चहा आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी नकाशा पसरला. तात्यांच्या शेताला मागच्या बाजूनं, खाणीच्या रस्त्यानं, थेट वाट काढून देऊ. भिंतीत खास त्यांच्यासाठी फाटक. कुलूप, किल्ली तात्यांकडे. वर सुरक्षेसाठी कॅमेरा. कॅम्पसमधून जायची गरजच नाही. लेखी देतो. आम्ही मागितलं होतं त्यापेक्षा जास्त होतं ते. माझा एक सहकारी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावत होता.

तात्यांनी विचारलं, "आनि हनीफ?"

"हनीफचं काय? तुम्हाला आता कुणाची गरज नाही, तात्या. कुलूप उघडलं की आपलं शेत."

"न्हाई, म्हंजे मोठ्या गेटातनंच सोडलं असतं... म्हाताऱ्याला तुमीच धरा की. पयल्यासारखं. माझं काय म्हननं न्हाई."

"तात्या, विनंती कशाला करता?" मी म्हणाले. "तुमचा हक्क आहे तो. झडती नाही, पास नाही, काही नाही."

"म्हंजे कुनी आडवनार न्हाई?"

"कुणीही नाही!"

तात्यांनी टेबलावर ठेवलेली किल्ली उचलली. तिच्याकडे पाहिलं, जवळ धरून, लांब धरून. मग टोपीत ठेवली. फोटो निघाला. त्यात सगळे हसताहेत, तात्यासुद्धा, कारण फोटोवाल्यानं सांगितलं होतं.

वहिवाट हा हक्कच आहे. उद्या पुन्हा असा प्रसंग आला तर मी तेच पत्रक काढेन, मथळाही बदलणार नाही. पण सोबतीचा हक्क कुठल्या सातबाऱ्यावर लागतो हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिकवणारे कोण आहेत तेही माहीत नाही.

हनीफभाई एकदा सुट्टीच्या दिवशी खाणीच्या रस्त्यानं वर जाऊन आले. डबा घेऊन गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, कसे आहेत? म्हणाले, "रस्ता लई लांब पडतो. धूळ, डंपर, मानूस न्हाई. म्हनत होतं, चालताना बोलाया लागलो तर कुत्री भुंकत्यात." थोड्या दिवसांनी एजन्सीनं त्यांची बदली केली, मारुंजीच्या एका सोसायटीत. निरोप घ्यायला ते गावात तात्यांच्या घरी गेले, तेव्हा तात्यांनी म्हणे हळहळून विचारलं, "मारुंजीला? अरे, तितं तुझ्याशी कोन बोलनार?"

मी शेवटचं वर्ष संपवत होते. सबमिशन, परीक्षा, दारावरच्या वेळांचा लढा. तो आम्ही जिंकलो, दारं पुन्हा उघडली. तात्यांकडे जायचं जायचं म्हणत राहिलं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते कंट्रोल रूममध्ये. काळी गाडी न तपासता आत सोडल्याचं चित्रण मागायला मी गेले होते, माहितीच्या अधिकाराची धमकी घेऊन. खोलीत एकच ऑपरेटर होता, माझ्याच वयाचा. म्हणाला, वरून परवानगी आणा. मी वाद घालत होते. त्याच्यामागं भिंतभर पडदे होते, गेट, कँटीन, पार्किंग, जिने. कोपऱ्यातल्या एका पडद्यावर तात्या आले.

ते मागच्या फाटकापाशी उभे होते. किल्ली काढली नाही. त्यांनी खांद्यावरची वळकटी उतरवली, दोन्ही हातांवर घेतली आणि वर, कॅमेऱ्याकडे धरली. नीट दिसावी म्हणून जरा फिरवली. मग त्यांचं तोंड हलायला लागलं.

मी बोलायची थांबले. ऑपरेटरनं मान वळवली.

"ते का? रोज येतात. दाखवतात बंदूक. मग बोलत बसतात."

"काय बोलतात?"

"काय माहीत! आवाज नाही याला. फक्त चित्र."

तात्या बोलत होते. हात करून खालच्या रस्त्याकडे काहीतरी दाखवलं. मग थांबले. समोरच्यानं बोलावं म्हणून माणूस थांबतो तसे, मान जराशी कलती करून. थोड्या वेळानं मान हलवली, हसले, आणखी काहीतरी म्हणाले. त्यांची सावली फाटकावर लांब पडली होती. वर डोंगरावर डुकरं उतरायची वेळ झाली होती, पण ते उभेच होते.

"कुणीतरी तिकडं जायला पाहिजे," मी म्हणाले.

"तिकडं पॉइंट नाही ना," ऑपरेटर म्हणाला. "गार्ड नाही लावलेला. त्यांचं स्वतःचं गेट आहे ते."

दारावर कुणीतरी आलं. परीक्षा भवनासमोर एक गाडी चुकीच्या जागी लागली होती. ऑपरेटरनं माउस सरकवला. तात्या अजून बोलत होते. तो पडदा त्यानं पार्किंगवर घेतला.